पेवात आधी कंदील

हल शहरातल्या या लॅबमध्ये बाही साबणाने धुतली
की हळदीचा डाग लाल होतो.
पहिल्या दिवशी लिंडझी घाबरली, कुणाचं रक्त?
म्हटलं, कुणाचंच नाही. चुना लागला की ती अशीच लाजते,
आमच्याकडे त्याचं कुंकू करतात.
तिने वहीत लिहिलं: सांडले. धोका नाही.

चाचणी बारा आठवड्यांची. माणसं एकशे आठ,
साठीच्या अलीकडची-पलीकडची, कोलेस्टेरॉल काठावर आलेलं.
निम्म्यांना हळदीतलं पिवळं सत्त्व, सोबत मिऱ्याचा अर्क,
कारण एकटी हळद रक्तात उतरत नाही,
उंबऱ्यावरूनच परत फिरते मानी पाहुणीसारखी.
निम्म्यांना रंगवलेलं पीठ.
कुणाला काय, मलाही ठाऊक नाही.
बाटल्यांवर आकडे.

एकोणचाळीस नंबर, मिस्टर हॉयल,
गोदीवर मासे उतरवता उतरवता म्हातारे झालेले,
कॅप्सूल फोडून चहात घालतात (घालायची नसते),
तिसऱ्याच आठवड्यात सांगू लागले:
गुडघे सुटले, झोप लागते, जीभ बघ कशी पिवळी!
मी त्यांना म्हण सांगितली, पी हळद नि हो गोरी.
खूप हसले. मग गंभीरपणे विचारलं,
झाली का कुणी?

रात्री सीरमच्या नळ्या तापवते.
ताण मोजायचा म्हणजे गंज मोजायचा,
प्राणवायूने चरबीला कुठे कुठे चावलंय ते.
जेवढा गंज तेवढी नळी गुलाबी.
खिडकीखाली हंबरच्या चिखलात एक साखळदंड पडलाय,
भरतीत बुडतो, ओहोटीत वर येतो,
आणि दोन्ही वेळा गंजतच असतो, कसलीही घाई न करता.

बाबा हरिपूरला हळदीच्या पेवांवर होते.
जमिनीखाली दोन-तीन पुरुष खोल अंधार,
त्यात हळकुंडं वर्षानुवर्षं जशीच्या तशी,
कीड नाही, बुरशी नाही,
कारण आत हवाच नाही.
पेवाचं तोंड उघडलं की लगेच उतरायचं नाही.
आधी दोरीने कंदील सोडायचा.
विझला तर थांबायचं.
जी हवा हळदीला नासवते
तिच्यावाचून माणूस चार पायऱ्या उतरत नाही,
हे मला सहाव्या वर्षी कळलं, ऑक्सिजन हा शब्द नंतर.

चाळीस वर्षं ते हळद श्वासात घेत होते.
शिंकले तरी रुमाल पिवळा.
अठ्ठावन्नाव्या वर्षी, मंगळवारी, सौदा चालू असताना
हात छातीवर गेला.
फिल्मवर तीन ठिकाणी वाट बंद.
एवढी हळद पोटात जाऊन? काकू म्हणाली, तेराव्याला.
हळदीने भागलं असतं तर सांगलीत कुणी मेलंच नसतं,
असं मी म्हणाले. फार मोठ्याने म्हणाले.
पंगत गप्प झाली.
ते वाक्य मला अजून परत घेता आलेलं नाही.

एप्रिलमध्ये आकड्यांची पाकिटं फुटली.
गंज कमी, थोडासा.
कोलेस्टेरॉलही उतरलेलं, पण इतकं बारीक
की डोळे किलकिले करूनच दिसावं.
प्रोफेसरबाई खूश. मोठी चाचणी घेऊ म्हणाल्या.
मी काही बोलले नाही. अर्ध्या हळकुंडाने पिवळं व्हायला
मलाही आवडलं असतं.

आणि एकोणचाळीस नंबर: पीठ.
सगळ्यात जास्त उतरलं होतं त्यांचंच.
वही चाळली. दुसऱ्या आठवड्यापासून बस बंद,
हेसल रोडवरून चालत यायचे, चालत जायचे,
दर बुधवारी, पावसात सुद्धा,
आणि मग, त्यांच्याच शब्दांत, सवय लागली म्हणून रोज.

नियमाप्रमाणे फोन मीच करायचा.
हं, बोल, ते म्हणाले, माझ्यात काय होतं?
मी जरा वेळ नुसतीच दोरी सोडत राहिले.
पीठ, मिस्टर हॉयल. रंगवलेलं.
पलीकडे काहीच नाही.
किती खोल आहे हे, मी मनात मोजू लागले.
मग त्यांचा खाकरलेला आवाज:
केकचं की पावाचं?

जळत होता कंदील.